तुमचे प्रश्न : विमा ऑफिसातले जादा तास आणि घरचा वेळ

नोकरीच्या वेळांबद्दल तुम्ही पाठवलेली पत्रं आणि मेल वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, विमा कंपन्यांत काम करणारे लोक खूप थकलेत. सेल्सवाले, बॅक ऑफिसवाले, क्लेमवाले, पीक विम्याचे तालुका प्रतिनिधी, आणि त्यांच्या घरची माणसंसुद्धा. म्हणून या वेळचं सगळं पान त्यांच्यासाठी ठेवलंय. नावं, कंपन्या आम्ही छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. मी स्वतः कितीतरी वर्षं विमा ऑफिसातल्या क्लेम टेबलवर काढली आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचं काम केलं, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

नाशिकहून एक वाचक : मी एका खासगी आयुर्विमा कंपनीत आहे, बँकेच्या ब्रँचमध्ये बसून पॉलिसी विकायचं काम. लेटरवर 'असिस्टंट मॅनेजर, सेल्स' लिहिलंय. सकाळी साडेनऊला ब्रँचला, संध्याकाळी आठपर्यंत लॉगिन (विकलेल्या पॉलिसी सिस्टिमला चढवणं), रात्री नऊला रिव्ह्यूचा कॉन-कॉल, शनिवार तर धरलेलाच आणि रविवारी 'ऑप्शनल' मीटिंग असते पण गेलो नाही की सोमवारी सगळ्यांसमोर नाव घेतात. एचआर म्हणतं मॅनेजरला ओव्हरटाइम नसतो. हे खरंय का?

उत्तर : अर्धं खरंय, आणि त्या अर्ध्यावरच एचआरचं भागतं.

आपल्याकडे ज्याला आपण शॉप ॲक्ट म्हणतो तो महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा, त्यात विम्याचा व्यवसाय येतो. आणि हो, व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या माणसाला त्या कायद्याचे तास लागू होत नाहीत. पण त्यातच पुढे असंही आहे की अशी पदं कोणती याची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर लावायची, वेबसाइट नसेल तर ऑफिसात दिसेल अशा जागी लावायची. ही यादी कुणी मागतच नाही! तुम्ही मागा, साध्या मेलवर मागा, 'या यादीत माझं पद आहे का ते कळवावे' एवढंच लिहा.

दुसरं म्हणजे लेटरवर काय लिहिलंय यापेक्षा तुम्ही रोज काय करता हे बघितलं जातं. तुमच्या हाताखाली कुणी आहे का? कुणाची रजा तुम्ही मंजूर करता का? कुणाला नोकरीवर घ्यायचं, कुणाला काढायचं यात तुमची सही लागते का? तुमचं उत्तर मला माहितीये, तुमच्या हाताखाली एक टॅब आणि एक टार्गेट आहे, बाकी कुणी नाही. अशा माणसाला नुसतं मॅनेजर म्हटलं म्हणून तो मॅनेजर होत नाही.

आता तुम्हाला जी बाजू अवघड जाईल ती पण सांगते, कारण खोटी आशा दाखवून उपयोग नाही. विक्रीचं काम करणारा 'कामगार' धरायचा का यावर आपल्याकडे जुना वाद आहे आणि १९९४ साली सुप्रीम कोर्टाने औषध कंपन्यांच्या एमआर (डॉक्टरांकडे जाणारे प्रतिनिधी) लोकांबाबत विरोधात निकाल दिला होता, तोच आधार सेल्सवाल्यांच्या प्रकरणांत कंपन्यांचे वकील पुढे करत आलेत. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत सेल्स प्रमोशनवाल्यांना कामगाराच्या व्याख्येत घेतलंय, म्हणजे दार थोडं उघडलंय. पण तुमचं नेमकं काम आणि पगार बघूनच वकील सांगू शकेल, तेव्हा अपॉइंटमेंट लेटर, केआरएची (कामाच्या उद्दिष्टांची) शीट आणि सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे एकदा जाच.

तोपर्यंत काय करायचं? रविवारची 'ऑप्शनल' मीटिंग ऑप्शनल आहे हे लेखी घ्या. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडायचं नाही, शनिवारी दुपारी शांतपणे मेल टाकायचा, 'उद्याची मीटिंग ऐच्छिक असल्याचे समजून मी घरच्या कामामुळे येणार नाही, अनिवार्य असल्यास कृपया कळवावे म्हणजे बदली सुट्टी कधी मिळेल ते ठरवता येईल.' बहुतेक वेळा या मेलला उत्तरच येत नाही, आणि ते न आलेलं उत्तरही तुमच्या कामाचं असतं. आणि एकट्याने करू नका, तुमच्या क्लस्टरमधल्या तिघाचौघांनी तोच मजकूर आपापल्या नावाने पाठवला तर एकाला बाजूला काढून पीआयपीवर (कामगिरी सुधारण्याच्या देखरेखीखाली) टाकणं अवघड जातं.

एक गोष्ट मला मनापासून म्हणायचीये आणि ती तुमच्या झोनल मॅनेजरनेही वाचावी. ३१ तारखेला रात्री अकरा वाजता ओढूनताणून जे लॉगिन होतं त्यातलं किती टिकतं? ग्राहकाला फ्री लूकचे (पॉलिसी वाचून परत करायचे) ३० दिवस असतात, घाईघाईत पाच वर्षं भरायची पॉलिसी एकदाच भरायची म्हणून विकलेली असते, तो घरी जाऊन कागद वाचतो, मुलाला दाखवतो आणि परत करतो. जे तीस दिवसांत परत येत नाही ते दुसऱ्या वर्षीचा हप्ता न आल्यामुळे तेराव्या महिन्याच्या परसिस्टन्सीत (किती पॉलिसी चालू राहिल्या त्या आकड्यात) दिसतं. म्हणजे तुमचे ते रात्रीचे तास कंपनीच्याही पदरात नीट पडत नाहीत, ग्राहक नाराज, तुम्ही घरी मुलगी झोपल्यावर पोचता, आणि पुढच्या महिन्यात तीच परत आलेली रक्कम तुमच्याच टार्गेटमधून वजा. मला हे बघून फार राग येतो, कारण यात कुणाचंच भलं नाही आणि तरी दर महिन्याला हेच चालतं.

आणि तक्रार करायची वेळ आली तर कुठे जायचं हे पण आत्ताच माहीत करून घ्या. विमा कंपनीतल्या औद्योगिक वादांसाठी 'योग्य शासन' म्हणजे केंद्र सरकार, राज्य नाही. त्यामुळे नोकरीवरून काढणं वगैरे वाद प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जातात, त्यांच्या 'समाधान' पोर्टलवर ऑनलाइनही टाकता येतात. शॉप ॲक्टचे तास, सुट्ट्या, रजिस्टर यासाठी मात्र राज्याचं कामगार खातं. कित्येक जण चुकीच्या ऑफिसात अर्ज देतात, तीन महिन्यांनी तो परत येतो आणि मग माणूस हताश होऊन सोडून देतो.

ठाण्याहून एक वाचक : मी विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात 'एक्झिक्युटिव्ह, ऑपरेशन्स' आहे. प्रपोजल फॉर्म तपासायचा, केवायसी बघायची, सिस्टिमला चढवायचं. आठवड्याचे सहा दिवस, जेवणाची सुट्टी सोडून रोज १० तास तर नेहमीचेच. मार्चमध्ये आणि मागे सप्टेंबरमध्ये जीएसटी गेला तेव्हा तर रात्रीचे अकरा. कंपनी रात्रीचं जेवण आणि कॅब देते आणि म्हणते हाच तुमचा ओव्हरटाइम. किती पैसे निघायला हवेत?

उत्तर : तुमचं काम कारकुनी आणि तांत्रिक आहे, त्यामुळे वरच्या नाशिकच्या वाचकासारखी तुमच्याबाबतीत फार शंका नाही. जेवण आणि कॅब ही सोय झाली, वेतन नाही. जादा तासांचं वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट, हे शॉप ॲक्टमध्ये आहे आणि नव्या वेतन संहितेतही तेच आहे.

आता हिशोब बघा, कारण यात लोक एका ठिकाणी हमखास फसतात. सगळ्यांना '९ तास' पाठ असतं, मग म्हणतात मी रोज १० तास करतो म्हणजे एकच तास जादा. नाही! दिवसाचे ठरलेले तास (जुन्या कायद्यात ९) किंवा आठवड्याला ४८ तास, यातली कुठलीही मर्यादा ओलांडली की जादा. सहा दिवस रोज १० तास म्हणजे ६० तास, त्यातून ४८ गेले की आठवड्याला १२ तास जादा. समजा तुमचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून वेतन २०,८०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागा, दिवसाचे ८०० आले. ८ तासांनी भागा, तासाचे १०० आले. दुप्पट म्हणजे २००. बारा तासांचे आठवड्याला २,४०० रुपये, महिन्याला दहा हजारांच्या आसपास. हा ढोबळ हिशोब आहे, कुठले भत्ते वेतनात धरायचे यावर आकडा वरखाली होईल, पण डाळ-भात आणि कॅबच्या बदल्यात काय सोडलं जातंय ते कळायला एवढं पुरे.

पुढचं जास्त महत्त्वाचं. जादा तास कितीही करून घेता येत नाहीत, तीन महिन्यांत १२५ तास ही मर्यादा कायद्यात होती. तुमचे आठवड्याला १२ धरले तर तेरा आठवड्यांचे १५६ होतात, म्हणजे मार्चच्या रात्री न धरताच मर्यादा गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदलांना मंजुरी दिली, दिवसाचे ९ चे १० तास आणि तिमाहीचे १२५ चे १४४ तास, आणि कायदा २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. आठवड्याचे ४८ मात्र तसेच ठेवले. म्हणजे कंपनी तुम्हाला 'आता १० तास कायदेशीर झाले' असं सांगेल तर तिला ४८ ची आठवण करून द्या. १४४ धरले तरी तुमचे १५६ जास्तच आहेत.

गर्दीचे दिवस कळत नाहीत असंही नाही ना हो. मार्चला करबचतीची गर्दी होते हे शिपायापासून सीईओपर्यंत सगळ्यांना माहीत, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी जाणार हे महिन्याच्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं आणि लोक खरेदी तोपर्यंत थांबवणार हेही उघड होतं. तरी तात्पुरती माणसं घेतली जात नाहीत. कमी माणसांचा खर्च वाचतो तो तुमच्या घरच्या वेळातून वाचतो, माझं या सगळ्या प्रकारावर हेच म्हणणं आहे.

आजपासून एक वही घाला. तारीख, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून थांबलात. वही साधी असू दे पण रोजच्या रोज लिहा, महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली वही कुणी मानत नाही. सोबत कॅबच्या बुकिंगचे मेसेज ठेवा, रात्री १०:५० ला कंपनीने कॅब दिली म्हणजे तुम्ही १०:५० पर्यंत ऑफिसात होता हे कंपनीनेच लिहून दिलं की! आणि एक इशारा, पुरावा म्हणून ग्राहकाचं नाव, पॉलिसी नंबर, केवायसी दिसणारे स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर अजिबात पाठवू नका. ओव्हरटाइमची तक्रार बाजूला राहते आणि डेटा चोरीच्या नावाखाली तुम्हालाच काढतात, मी हे होताना पाहिलंय.

पुण्याहून एक वाचक : मी बीएचएमएस डॉक्टर, विमा कंपन्यांच्या वतीने आरोग्य विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए संस्थेत कॅशलेस डेस्कवर आहे. मुलगा दीड वर्षाचा. रोटेशनने नाइट शिफ्ट येते, समोर स्क्रीनवर प्रत्येक केसचं घड्याळ चालू असतं, पिवळं झालं की टीम लीडर येतो, लाल झालं की मेल येतो. पाणी प्यायला उठायची भीती वाटते. रात्रपाळी नको म्हणता येतं का?

उत्तर : डॉक्टर, तुमच्यासारख्या कितीतरी बीएएमएस, बीएचएमएस मुली या खुर्च्यांवर बसल्यात आणि बाहेरच्या जगाला पत्ताही नाही की पेशंटचा डिस्चार्ज कुणाच्या झोपेवर चाललाय.

आधी हे घड्याळ कुठून आलं ते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तास असं बंधन घातलं. नियम चांगलाच आहे, बिल होऊनही संध्याकाळपर्यंत बेडवर अडकलेला पेशंट आणि खाली काउंटरपाशी बसलेले त्याचे नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिलेत. आणि त्याच परिपत्रकात आहे की तीन तासांच्या वर उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. म्हणजे नियामकाने बोजा मालकांच्या पैशावर टाकला होता, तो वरून घसरत घसरत रात्री दोन वाजता तुमच्या खुर्चीवर आलाय. एक तासाचा नियम पाळायचा तर शिफ्टला माणसं जास्त लागतात, एवढा साधा त्याचा अर्थ.

आता तुमचा प्रश्न. शॉप ॲक्टप्रमाणे रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी संरक्षण, घरापर्यंत पोचवण्याची सोय हे सगळं मालकाने द्यायचं असतं. तुमची संमती जॉइनिंगच्या दिवशी त्या कागदांच्या गठ्ठ्यात घेतलेली असेल, बहुतेकांची अशीच घेतात. तरी ती लेखी मागे घेता येईल असं धरून चला आणि कारण स्पष्ट लिहा, मूल लहान आहे, सहा महिने दिवसपाळी द्यावी. मुदत घालून मागितलं की मॅनेजरला हो म्हणणं सोपं जातं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं, तेही त्याच अर्जात विचारा.

सलग पाच तास कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती हा कायद्याने तुमचा हक्क होता, नव्या बदलांत पाचाचे सहा तास झाले तरी विश्रांती आहेच. त्या अर्ध्या तासात तुमच्या केसेस दुसऱ्याच्या रांगेत जायला हव्यात, नाहीतर तुम्ही जेवताय आणि घड्याळ चालूच, त्याला विश्रांती म्हणत नाहीत. टीम लीडरशी बोलताना याच एका मुद्द्यावर बोला, 'ब्रेकमध्ये माझी रांग थांबवा.' हे सिस्टिममध्ये करता येतं, त्याला बजेट लागत नाही.

आणि नाइटनंतर सकाळी घरी आल्यावर लगेच स्वयंपाकाला लागता ना? घरच्यांना हे पान वाचायला द्या. रात्रपाळी करून आलेल्या बाईची सकाळ ही तिची रात्र असते, सासूबाई, नवरा, जे कोणी घरी असेल त्यांनी दुपारी एकपर्यंत बाळ सांभाळायचं. यात मेहेरबानी काही नाही.

साताऱ्याहून एक वाचक : माझा मुलगा पुण्यात विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघतो. पाऊस सुरू झाला की त्याला उसंत नसते, रविवारी घरी आला तरी ताटावर बसून गॅरेजवाल्यांचे फोन. वय ३४ आणि बीपीची गोळी सुरू झालीये. काही बोललं की म्हणतो आई तुला कळत नाही, सगळीकडे असंच असतं. मी काय करू?

उत्तर : काकू, तुम्हाला कळतंय, आणि बरोबर कळतंय.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो असं त्यात आहे. हे मुलाला घाबरवायला सांगू नका, पण पुढच्या वेळी तो 'सगळीकडे असंच असतं' म्हणाला की सांगा, सगळीकडे असतं म्हणून शरीर सोडत नाही.

पावसाळ्यात मोटर क्लेमवाल्यांचे हाल होतात हे खरंय. पाणी भरलं की एका रात्रीत शेकडो गाड्या बंद पडतात, आणि गाडी पाण्यात असताना कुणी स्टार्टर मारला की इंजिनात पाणी जातं, मग हे नुकसान पॉलिसीत बसतं का यावरून ग्राहक आणि गॅरेज दोघंही सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) डोक्यावर. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा तिथल्या गाड्या, दुकानं, घरं सगळ्यांचे क्लेम एकदम आले होते, अशा वेळी क्लेमवाला रात्रंदिवस राबतो आणि राबायलाच हवं, तिथे लोकांचं सगळं गेलेलं असतं. पण पुरातली धावपळ वेगळी आणि ऑक्टोबरातल्या साध्या रविवारी बंपरच्या ओरखड्यासाठी जेवणाच्या ताटावर आलेला फोन वेगळा. तुमच्या मुलाला हा फरक करता यायला हवा, आणि तो करायला तुम्ही मदत करू शकता.

त्याला 'नोकरी सोड' म्हणू नका, मुलं लगेच बंद होतात. एवढंच म्हणा की जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, वीस मिनिटं. गॅरेजवाल्यांसाठी त्याने मेसेज लावून ठेवायचा, 'रविवारी सर्व्हे होत नाही, तातडीचं असल्यास कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करावा.' कंपनीची हेल्पलाइन असतेच, पण सर्व्हेअरचा खासगी नंबर सगळ्या गॅरेजांच्या भिंतीवर लिहिलेला असतो म्हणून ती कुणी वापरत नाही.

कामाची वेळ संपल्यावर फोन न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी यावर लोकसभेत खासगी (सरकारने नव्हे, एका खासदाराने मांडलेलं) विधेयक मांडलंय, आधी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. खासगी विधेयकाचा कायदा सहसा होत नाही, पण तुमच्यासारख्या आयांनी आपापल्या खासदाराला पत्रं लिहिली तर विषय जिवंत राहील असं मला वाटतं.

त्याला झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, बोलणं तोडत असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि बीपीच्या डॉक्टरांकडे पुढच्या वेळी तुम्ही बरोबर जा, तो कामाचे तास कमी करून सांगतो, तुम्ही खरे सांगा.

परभणी जिल्ह्यातून एक वाचक : मी पीक विमा कंपनीचा तालुका प्रतिनिधी, पण कामावर एजन्सीच्या. सोयाबीन काढणीला पीक कापणी प्रयोग (ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापून वजन करणं) लागतात, एका दिवशी दोन-तीन गावं, पहाटे निघतो, रात्री ॲपवर फोटो चढवायला रेंज शोधत हिंडतो. गाडी माझी, पेट्रोल माझं. पगाराची स्लिप नाही. शेतकरी कंपनीचा माणूस म्हणून मलाच धरतात. ओव्हरटाइम तर सोडाच.

उत्तर : भाऊ, तुमची जागा सगळ्यात वाईट, कंपनी म्हणते तू एजन्सीचा, एजन्सी म्हणते काम कंपनीचं, आणि बांधावर उभं राहून शिव्या खायच्या तुम्ही. आणि कापणी प्रयोगाचं काम किती जोखमीचं आहे हे शहरात बसलेल्यांना कळत नाही, अशा थोड्या तुकड्यांत किती किलो भरलं त्यावर अख्ख्या महसूल मंडळाची भरपाई ठरते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणीच्या उत्पादनावरच आणल्यापासून तर तुमच्या त्या दिवसाचं वजन आणखी वाढलंय. दमलेल्या, उपाशी माणसाकडून तो प्रयोग करून घेणं हे शेतकऱ्यावरही अन्याय आहे.

कंत्राटदाराने वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे विमा कंपनीवर. हे जुन्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. त्यामुळे अर्ज करताना एजन्सी आणि विमा कंपनी दोघांची नावं घाला, एकट्या एजन्सीचं नाव घातलं तर ती पुढच्या हंगामात दुसऱ्या नावाने येते. अर्जाला जोडायला तुमच्याकडे उत्तम पुरावा आहे, ॲपवर चढवलेल्या फोटोंवर तारीख, वेळ आणि जागा असते. पहाटे साडेसहाचा पहिला आणि रात्री साडेनऊचा शेवटचा, दोन्हींची नोंद तुमच्याकडे ठेवा. कापणीच्या पंचनाम्यावर कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्या सोबत तुमची सही असते, त्याचा फोटो काढून ठेवा.

पीएफचा यूएएन नंबर मागा आणि पासबुक मोबाइलवर बघा, पगारातून कापतात आणि भरत नाहीत असं होतं. वेतन २१,००० पर्यंत असेल आणि तुमच्या जिल्ह्यात योजना लागू असेल तर ईएसआयबद्दलही (कामगार राज्य विमा) विचारा. गाडीवर फिरताय, रात्री उशिरा फिरताय, तेव्हा अपघात झाला तर काय याचं उत्तर हंगाम सुरू व्हायच्या आधी एजन्सीकडून लेखी घ्या. दुसऱ्यांचा विमा उतरवणाऱ्या माणसाचाच अपघात विमा नसतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. पेट्रोलचे पैसे किलोमीटरने ठरवून घ्या, तालुक्यातल्या सगळ्या प्रतिनिधींनी एकच दर मागा.

कोल्हापूरहून एक वाचक : मी सरकारी विमा कंपनीत सहायक. शनिवार सुट्टी झाली पण मोहीम असली की शनिवारी बोलावतात, 'मर्जीने' म्हणून. काय करावं?

उत्तर : एलआयसीला १० मे २०२१ पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो केंद्राच्या अधिसूचनेने, कुणा मॅनेजरच्या मर्जीने नाही. तुमच्या कंपनीचीही अशी लेखी सूचना असेल, ती काढून ठेवा. तुम्ही वर्ग तीनमध्ये (कारकुनी कर्मचारी), तेव्हा तुमचे सेवा विनियम आणि संघटनेशी झालेले करार बघा, तिथे तुम्हाला खासगीतल्या लोकांपेक्षा खूप जास्त संरक्षण आहे. शनिवारी यायचा आदेश ऑफिसच्या कागदावर, सहीसकट मागा आणि हजेरीपटावर सही करूनच काम सुरू करा. सही नसेल तर तुम्ही तिथे नव्हताच, त्या दिवशी जिन्यात पडलात तरी. आदेश द्यायला साहेब तयार नसतील तर शनिवारी घरी थांबा आणि सोमवारी सकाळी शाखेतल्या संघटनेच्या सेक्रेटरीला गाठा.